पहिली आवृत्तीच खरी?

रविवारी दुपारी इथे छत्तीसगडमध्ये, चौबे कॉलनीतल्या आमच्या घरी काही तरुण मुलं-मुली वीस बाजूंचा फासा घेऊन बसतात. खेळाचं नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात आणि वार लागला की हुकला, ते फासा ठरवतो. २०२४ साली या खेळाची नवी पुस्तकं आली तेव्हापासून या टेबलावर एक मत वारंवार ऐकू येतं. जगभरच्या जुन्या खेळाडूंचंही तेच आहे: मूळ खेळ १९७४चा, तोच अस्सल, पुढच्या आवृत्त्या म्हणजे तोच माल पुन्हा विकण्याचा कंपनीचा धंदा.

हे मत अगदीच निराधार नाही. तिसरी आवृत्ती २००० साली आली आणि तीनच वर्षांत ‘साडेतीन’ आवृत्ती दुकानात लागली. ज्याने पदरचे पैसे खर्चून आधीची पुस्तकं घेतली होती, त्याचा राग रास्तच होता. पण विकणाऱ्याचा हेतू नफ्याचा होता, एवढ्यावरून बदल निरर्थक ठरत नाही. आणि ज्याला ‘मूळ’ म्हणतात ते उघडून पाहिलं की या मताचा पायाच खचतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४च्या पेटीत तीन लहान पुस्तिका होत्या. लढाईसाठी त्या आधीच्या ‘चेनमेल’ या युद्धखेळाचा हवाला देत. रानावनातल्या प्रवासासाठी तर दुसऱ्याच कंपनीच्या ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या खेळाचा पट वापरायला सांगत. पात्रांचे वर्ग तीनच: लढवय्या, जादूगार, पुरोहित. कुलपं उघडणारा आणि अंधारात दबा धरणारा चोर, जो आज जवळजवळ प्रत्येक टोळीत असतो, तो त्यात नाहीच. तो १९७५च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत आला. पहिल्या पुस्तिकांत खंजीर आणि दुहाती तलवार सारखीच इजा करत. शस्त्रागणिक वेगळी इजा याच पुरवणीने आणली. म्हणजे अस्सल म्हणून ज्याची आठवण काढली जाते, तो खेळ वर्षभरातच दुरुस्त झालेला होता.

जुनं म्हणून प्रमाण मानायचं तर १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधला राक्षसही मानावा लागेल. त्याला वाघाचं डोकं आहे आणि पुरोहिताने मंतरलेला आडव्या धनुष्याचा बाण लागला की तो मरतो. दंडकारण्याच्या कथा ऐकत वाढलेल्या आम्हा छत्तीसगडकरांना हा राक्षस ओळखीचा वाटत नाही. तो बाण रामायणातला नाही. अमेरिकेत १९७४ साली दाखवलेल्या एका दूरचित्रवाणी मालिकेत मात्र तो सापडतो.

त्याहून गंभीर गोष्ट १९७८च्या खेळाडू-पुस्तकातली. तिथे मानवी स्त्री-पात्राच्या ताकदीला पुरुषापेक्षा खालची मर्यादा घातली होती. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीने ती काढली. आमच्या टेबलावर दोन मुली लढवय्या खेळतात. ती मर्यादा गेल्याने खेळ बाटला, असं त्यांच्यासमोर कोण म्हणेल?

इथे मला पंडवानी ही आमच्याकडची गायनकला आठवते. वेदमती शैलीत गायक बसून महाभारत सांगतो, कापालिक शैलीत उभा राहून ते अंगाने खेळतो. बायकांनी गायचं तर बसून, असा प्रघात होता. गनियारीच्या तीजनबाई तंबुरा घेऊन उभ्या राहिल्या, त्यासाठी त्यांनी समाजाचा रोष सोसला, आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. बसून गाणाऱ्या झाडूराम देवांगनांची वेदमती त्यामुळे खोटी ठरली नाही आणि तीजनबाईंची पंडवानीही मूळ सोडून गेलेली नव्हती.

यावर प्रतिवाद होईल की पंडवानी कोणाच्या मालकीची नाही, या खेळाला मालक आहे. आक्षेप खरा आहे, पण इतिहास त्याच्या उलट साक्ष देतो. तिसऱ्या आवृत्तीबरोबर कंपनीने एक खुला परवाना दिला: या नियमांच्या आधारे कोणीही स्वतःचं पुस्तक काढावं. २००८ची चौथी आवृत्ती अनेकांना रुचली नाही, तेव्हा याच परवान्यावर २००९ साली ‘पाथफाइंडर’ हा वेगळा खेळ उभा राहिला. त्याआधी २००६ साली ‘ऑस्रिक’ या पुस्तकाने १९७०च्या दशकातले, छपाईबाहेर गेलेले नियम नव्याने लिहून काढले, तेही त्याच परवान्याच्या बळावर. जुन्या खेळाचे कैवारी ज्या आवृत्त्यांना दूषणं देतात, त्यांतल्याच एकीने जुन्या खेळाला वाट करून दिली.

जानेवारी २०२३मध्ये कंपनी हा परवाना गुंडाळायला निघाली. खेळाडूंनी इतका विरोध केला की तिला माघार घ्यावी लागली, आणि २७ जानेवारीला पाचव्या आवृत्तीचा नियमसंग्रह ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’खाली खुला झाला. तो आता कंपनीलाही परत घेता येणार नाही.