शिंदीचें झाड आणि दुसरा दोर

परभणी जिल्ह्यांत गोदावरी, पूर्णा किंवा दुधनेला मिळणाऱ्या एखाद्या ओढ्याकांठीं शिंदीचें जुनें झाड आढळलें, तर तें क्षणभर न्याहाळून पाहा. रस काढलेल्या झाडाचें खोड सरळ नसतें. एका वर्षीं शेंड्याखालीं एका अंगास खांच घ्यावयाची, पुढच्या वर्षीं उलट अंगास, अशी रीत असल्यामुळें तें नागमोडी होत वर जातें. खांचा मोजल्या म्हणजे झाडानें किती हंगाम रस दिला हें कळतें. माणूस त्यावर किती वेळां चढला, हें मात्र कळत नाहीं. एकेका खांचेसाठीं तो हंगामभर पुनःपुन्हां चढलेला असतो.

ताड-शिंदीवर चढण्याची प्रचलित युक्ति एका दोराची आहे. कमरेमागून घेतलेला दोर खोडाभोंवतीं फिरवून बांधावयाचा. अंग मागें रेललें कीं तो आवळतो. अंग खोडाशीं आणलें कीं सैल होतो, आणि तेवढ्यांत तो हातभर वर सरकवावयाचा. तेलंगणांत या दोरास मोकू म्हणतात. पूर्वेकडील लोक असेंच कडें स्वतःभोंवतीं व झाडाभोंवतीं घालून खजुरावर चपळाईनें चढतात, असें प्लिनी या रोमन ग्रंथकारानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत लिहून ठेविलें आहे. इतक्या शतकांत जी युक्ति टिकली ती कमअस्सल म्हणतां येणार नाहीं.

तिचें वैगुण्य एकच. भार पेलणारा दोर आणि जीव राखणारा दोर येथें एकच असतो. तो झिजला, गांठ सुटली, अथवा शेंड्याशीं पोंचून हातांत कोयता असतांना तो सोडावा लागला, म्हणजे माणसाला आधार उरतो तो केवळ पायांचा. आपल्या मोटेला नाडा आणि सोंदूर असे दोन दोर असत, दोहोंचीं कामें निराळीं. पण पाण्याला मिळालेली ही व्यवस्था झाडावरच्या माणसाला मिळाली नाहीं.

परभणी 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होती. ताडी-शिंदीवरील अबकारी हें त्या संस्थानचें मोठें उत्पन्न. म्हणूनच स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसनें 1947 च्या लढ्यांत शिंदीचीं झाडें तोडण्याचा कार्यक्रम हातीं घेतला. सरकारला झाड हवें होतें तें उत्पन्नासाठीं, लढणाऱ्यांनीं तें पाडलें तें उत्पन्न बुडविण्यासाठीं. दोन्ही बाजूंचें लक्ष झाडावर होतें, आणि तें त्या काळीं स्वाभाविकही होतें. चढणाऱ्याच्या दोराचा प्रश्न त्या झगड्यांत कोठें यावा?

तो पुढें आला तो दूर देशीं. ब्रिटनमध्यें 2005 सालच्या नियमांनीं दोरावर लोंबकळून काम करणाऱ्यास दोन दोर सांगितले, आणि ते वेगवेगळ्या ठिकाणीं अडकविलेले. एक कामाचा, दुसरा रक्षणाचा. महत्त्व वेगळ्या ठिकाणाला आहे. दोन दोर एकाच फांदीला बांधले आणि ती फांदीच मोडली, तर दोन काय नि चार काय! झाडें छाटणाऱ्या कित्येक कसबी लोकांना दुसरा दोर पसंत नव्हता. तो फांद्यांत गुंततो, हालचाल अडवितो, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती.

शिंदीला तर फांदीच नाहीं. चिंचेवर वा आंब्यावर दुसरा आधार डोक्यावर शोधतां येतो. येथें खोडालाच पहिल्या कड्याच्या वर दुसरें कडें घालावें लागतें, आणि तें बसल्यावरच खालचें सोडावयाचें. त्यांतही नागमोडी खांचांपाशीं खोड अरुंद झालेलें असतें आणि दोर तेथेंच अडखळतो. 2024 च्या जुलैंत तेलंगण सरकारनें ताडी काढणाऱ्यांस संरक्षक साधनांचे संच वाटण्यास आरंभ केला. त्यांना काटमय्या या त्यांच्या दैवताचें नांव दिलें आहे. साधन आलें, तरी प्रत्येक झाडापाशीं कांहीं मिनिटें अधिक मोडतात, आणि ज्याला दिवस वर येण्यापूर्वीं पुढचीं झाडें गांठावयाचीं असतात, त्याची घाई त्या मिनिटांशीं भांडत राहते.