पी०४८० : इंजिनाच्या तापाचा पूर्वेतिहास

घोडबंदर रस्त्यावर गायमुखाच्या चढणीला वाहतूक खोळंबली की उन्हाळ्याच्या दुपारी एखादी मोटार कडेला उभी दिसते. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा आणि मोबाइलला जोडलेल्या स्वस्त स्कॅनरवर एक क्रमांक : पी०४८०. मालक क्रमांक पुसतो, दिवा विझतो आणि आठ दिवसांनी भाईंदरच्या सिग्नलला पुन्हा पेटतो. या क्रमांकालाही पूर्वेतिहास आहे. तो ठाऊक असेल, तर घरच्या घरी दोष शोधणे बरेच सोपे जाते. आजचा धागा त्याविषयी.

इंजिनाचा ताप इंजिनाइतकाच जुना. कार्ल बेन्झ यांच्या १८८६ च्या तीनचाकीत थंडाव्याचे पाणी सरळ उकळून वाफ होऊन जाई आणि वाटेत ते पुन्हा भरावे लागे. विल्हेल्म मायबाख यांनी १९०० च्या अखेरीस मर्सिडीज मोटारीला मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात आठ हजारांहून अधिक बारीक नळ्या होत्या आणि गाडी मंद चालली तरी वारा मिळावा म्हणून मागे एक लहान पंखा. आजच्या आपल्या तक्रारीचा मूळपुरुष तोच.

पुढे अनेक दशके हा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरत राहिला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली पद्मिनी घ्या किंवा अॅम्बेसेडर. इंजिन फिरले की पंखा फिरला. या व्यवस्थेत एक विसंगती होती. गाडी उभी असताना समोरून वारा नसतो, तेव्हाच पंख्याची गरज सर्वाधिक. पण तेव्हा इंजिन मंद फिरते, म्हणून पंखाही मंद. बोरघाटात बॉनेट उघडून, पाण्याचा डबा घेऊन उभ्या असलेल्या गाड्या हे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे नित्याचे दृश्य होते. मात्र दोष लपत नसे. पट्टा तुटला तर डोळ्यांना दिसे, सैल झाला तर कानांना कळे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हे चित्र पालटले. तिचे इंजिन आडवे बसवलेले, त्यामुळे पंखा पट्ट्यावरून सुटून विजेच्या मोटरवर गेला. पाणी ठरावीक तापमानाला पोहोचले की पंखा आपोआप सुरू होई, मग गाडी उभी असो वा धावती. पुढे इंधनाचे नियंत्रण संगणकाकडे गेले आणि त्यानेच पंख्याचाही कारभार हाती घेतला.

आता क्रमांकाकडे येऊ. त्याचा जन्म वाहनमालकाच्या सोयीसाठी झाला, असा समज असेल तर तो सोडावा. लॉस एंजेलिसच्या विषारी धुरक्याने कॅलिफोर्नियाला वाहनांवर कडक नियम लादणे भाग पाडले. १९८८ च्या मॉडेलपासून तिथे गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवणे बंधनकारक झाले आणि १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत एकच सोळा टोकांचा सॉकेट आणि एकच क्रमांक-पद्धती आली. भारतात भारत स्टेज-४ च्या गाड्यांना एप्रिल २०१० पासून या पद्धतीचा पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. म्हणजे हा कारकून मुळात प्रदूषणाच्या दफ्तरातला. पंख्याची नोंद तो जाता जाता करतो, आणि त्याची नोंद वाचताना हे विसरून चालत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला इथे ओळखीची वाट सापडेल. कोणतेही साधन हाती आले की आपण पहिला प्रश्न विचारतो : लिहिणाऱ्याने प्रत्यक्ष काय पाहिले? पी०४८० चा अर्थ ‘पंखा बिघडला’ असा नाही. त्याचा अर्थ ‘पहिल्या पंख्याच्या नियंत्रण-मंडलात दोष’ असा आहे. पंख्याला दहा-वीस किंवा त्याहूनही जास्त अँपिअर प्रवाह लागतो. संगणक तो स्वतः वाहू शकत नाही. तो एका बारीक तारेने रिलेला आज्ञा देतो आणि रिले जाड तारेतून मोटरला वीज सोडतो. साध्या रचनेत संगणकाचे लक्ष त्या बारीक तारेवरच असते. दरबाराने खलिता जासुदाच्या हाती दिला, एवढेच दफ्तरात नोंदलेले; किल्ल्यावर तो पोहोचला की नाही, हे दफ्तराला ठाऊक नाही. म्हणून क्रमांक असूनही पंखा फिरताना आढळतो, आणि पंखा जळालेला असूनही क्रमांक उमटत नाही. कित्येक जण मोटर बदलून पैसे घालवतात ते याच गैरवाचनापायी.

(रिले हा शब्दही मोठा मजेदार. युरोपात तो प्रवासात ठिकठिकाणी बदलायच्या ताज्या घोड्यांसाठी वापरत. तिथून तो १८३० च्या दशकानंतर तारायंत्रात आणि पुढे मोटारीत आला. घोडबंदर हे नाव घोड्यांच्या व्यापारावरून पडले असे सांगतात. तेव्हा या रस्त्यावर रिले रुसावा, हे शोभतेच.)

मग तपास कसा करावा? सर्वप्रथम क्रमांक पुसू नये. दोष घडला त्या क्षणाचे पाण्याचे तापमान, वेग, इंजिनाचे फेरे यांची नोंद बहुधा सोबत जतन झालेली असते. क्रमांक पुसला की तीही जाते. ती उतरवून घ्यावी. नंतर इंजिन सुरू ठेवून एसी लावावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरतो. फिरला, तर मोटर आणि जाड तारांचा मार्ग त्या घडीला तरी शाबूत आहे. न फिरल्यास फ्यूज पाहावा आणि त्याच गाडीतला, तंतोतंत त्याच क्रमांकाचा दुसरा रिले तिथे बसवून पाहावा. मल्टिमीटर असेल तर सुट्या रिलेच्या वेटोळ्याचा रोध मोजावा. सामान्य बारा व्होल्टच्या रिलेत तो बहुधा पन्नास ते सव्वाशे ओमच्या दरम्यान असतो.

पण नवा रिले बसवूनही क्रमांक परतला तर? मिरा-भाईंदरमध्ये माझा पहिला संशय खाऱ्या हवेवर जाईल. हा मिठागरांचा आणि खाडीचा मुलूख. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, हे आजीला ठाऊक होते; धातूंवरची तशीच खोड खारट ओल कनेक्टरच्या टोकांवर करते. रिले उपसून त्याच्या बैठकीतील टोके टॉर्चने पाहावीत. हिरवट-पांढरा थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करावा. टोके करपलेली वा सैल असतील, तर गुन्हेगार आणखी पुढे आहे : झिजलेली मोटर जादा प्रवाह ओढते, बैठक तापते, टोकांची पकड जाते आणि नवा रिलेही महिन्याभरात तक्रार करू लागतो. तेव्हा मोटर आणि बैठक दोन्ही बदलणे आले. हे काम गॅरेजचे.

हात घालण्यापूर्वी किल्ली काढून बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक फिरतो. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. काटा लाल पट्ट्याकडे सरकला, तर काशीमिऱ्यापर्यंत रेटू, असे न म्हणता तिथेच थांबावे.

दुरुस्ती खरी झाली असेल, तर सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा सहसा आपणहून विझतो. क्रमांक मात्र स्मरणात राहतो आणि त्यानंतर इंजिन सुमारे चाळीस वेळा थंड होऊन तापले की पुसला जातो.