पुणे कोणाचे? शनिवारवाड्यापासून नव्हे, गंज पेठेपासून

एक जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देऊन परतणारे अनेक बांधव पुण्यात एखादा दिवस थांबतात. त्यांच्यातली तरुण मुले आम्हाला हमखास विचारतात, "पुण्यात बघण्यासारखे काय आहे?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच यादी सांगतात : शनिवारवाडा, लाल महाल, पर्वती, विश्रामबागवाडा, केसरीवाडा. ही यादी त्यांची नाही, ती त्यांना शिकवलेली आहे. शहर म्हणजे राज्यकर्त्यांचे वाडे आणि मोठ्या घराण्यांच्या गाद्या, असे आपल्याला शाळेपासून सांगितले जाते. आमचे म्हणणे वेगळे आहे. शहर त्यात राहणाऱ्या माणसांचे असते. ज्या माणसांनी इथल्या दगडमातीला न्यायाचा प्रश्न विचारला, त्यांच्या पत्त्यावरून पुणे बघा. मग हेच शहर तुम्हाला ओळखू येणार नाही.

सुरुवात गुलटेकडीपासून करू. आज तिथे मार्केट यार्ड आहे. पहाटे ट्रक येतात, हमाल पोती वाहतात. १८५५ साली चौदा वर्षांच्या एका मातंग मुलीने या मैदानाचे नाव एका निबंधात लिहून ठेवले. ती मुक्ता साळवे, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा हा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. बाजीरावाच्या राज्यात मांग किंवा महार तालीमखान्यासमोरून गेला, तर त्याचे मस्तक उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू केला जात असे, ही साक्ष तिने दिली. वाड्यांच्या पायात तिच्या लोकांना शेंदूर पाजून गाडले जात असे, हेही तिने लिहिले. आणि ज्या धर्माचा अनुभव एकट्यानेच घ्यायचा, बाकीच्यांनी नाही, असा धर्म पृथ्वीवरून नष्ट होवो, असे ती निर्भयपणे म्हणाली. पेशवाई संपून तेव्हा जेमतेम सदतीस वर्षे झाली होती. तिच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी तो काळ डोळ्यांनी पाहिला होता. आता सांगा, शनिवारवाड्याचा दरवाजा किती उंच आहे हे मोजायचे, की त्याच्या सावलीत कोण चिरडले गेले हे विचारायचे?

मुक्ता ज्यांच्या नात्यातली, ते लहुजी साळवे गंज पेठेत तालीम चालवत. १७९४ साली पुरंदरच्या पायथ्याशी त्यांचा जन्म झाला आणि १८८१ मध्ये पुण्यात ते गेले. जोतीराव तरुणपणी त्यांच्याच तालमीत दांडपट्टा शिकले. शाळा निघाल्यावर मांग-महारांची मुले शाळेपर्यंत आणण्याचे काम लहुजींनी केले. शाळेला फळा आणि पाटी लागते तशी पाठीशी उभी राहणारी ताकदही लागते. ती तालमीतून आली. संगमवाडीला त्यांची समाधी आहे. किती 'पुणेप्रेमी' तिथे गेलेले असतात?

त्याच गंज पेठेत फुलेवाडा आहे. पेठेला आता महात्मा फुले पेठ म्हणतात. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. महाडच्या चवदार तळ्याच्या एकोणसाठ वर्षे आधीची ही गोष्ट. शाळा काढल्या म्हणून घर सोडावे लागले, तेव्हा या दांपत्याला याच पेठेत उस्मान शेख यांच्या घरी आसरा मिळाला. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना जे पत्र लिहिले, त्यात आपल्या गैरहजेरीत काम सांभाळणाऱ्या फातिमाची काळजी आहे. एक माळी दांपत्य, एक मुसलमान घर, एक मातंग वस्ताद. आधुनिक पुण्याचा पाया इथे घातला गेला.

आता विश्रामबागवाड्याकडे चला. हा वाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधला. इंग्रज आल्यावर १८२१ साली त्यातच संस्कृत पाठशाळा निघाली. म्हणजे राज्य बदलले, पण विद्या ज्यांच्या हातात होती त्यांच्याच हातात राहिली. आणि याच वाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी सरकारने जोतीरावांचा शाल देऊन जाहीर सत्कार केला. कशासाठी? मुलींच्या आणि अतिशूद्रांच्या शाळा चालवल्याबद्दल. वाड्याच्या नक्षीकामाचे फोटो जरूर काढा, पण ही तारीख मुलांना सांगा. नक्षीपेक्षा ती मोठी आहे.

जोतीराव नुसते समाजसुधारक होते, हाही अर्धा इतिहास. ते कंत्राटदार होते, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा, असे म्हणत एकट्या जोतीरावांनी विरोधात मत दिले. 'इंग्रजांचे हस्तक' म्हणून त्यांना हिणवणाऱ्यांनी हे मत विसरू नये. आणि कृतज्ञतेचे म्हणाल, तर १८८२ साली टिळक-आगरकरांना कोल्हापूर प्रकरणात जामीन हवा होता, तेव्हा पुढे आले ते जोतीरावांचे स्नेही रामशेठ उरवणे. पुढे १९२५ साली केशवराव जेधे यांनी याच नगरपालिकेत फुल्यांच्या पुतळ्याचा ठराव मांडला, तेव्हा त्याला कोणी विरोध केला ते जगजाहीर आहे. त्या वादातून 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक निघाले, जवळकर-जेध्यांवर खटला झाला, शिक्षाही झाली. १९२६ मध्ये अपिलात त्यांना सोडवून आणणारा बॅरिस्टर कोण होता? डॉ. भीमराव आंबेडकर. फुल्यांच्या पुण्यात बाबासाहेबांनी लढवलेला हा खटला किती जणांना ठाऊक आहे?

१८९७ सालचे पुणे घ्या. पाठ्यपुस्तकात प्लेगचे पुणे म्हणजे रँडचा खून. ती घटना २२ जूनची. त्याच्या साडेतीन महिने आधी, १० मार्चला, सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई याच प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या एका अस्पृश्य वस्तीतला प्लेग झालेला मुलगा पाठीवर घेऊन त्यांनी मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचवला आणि लागण त्यांना झाली. शहर एक, साथ एक, वर्ष एक. आपण मुलांना एकच गोष्ट का शिकवतो?

पर्वतीच्या पायऱ्या चढणाऱ्यांनाही आम्ही थांबवतो. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी मंदिरप्रवेशासाठी याच पायऱ्यांवर सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व शिवराम जानबा कांबळे यांचे. या पुणेकराने १ जुलै १९०८ पासून 'सोमवंशीय मित्र' हे मासिक चालवले. 'मूकनायक' निघायला तेव्हा साडेअकरा वर्षे अवकाश होता. मुरळी प्रथेविरुद्ध त्यांनी लिहिले, महारांना पुन्हा लष्करात घ्या म्हणून सरकारकडे अर्ज केले. पर्वतीवर सत्याग्रहींना दगड खावे लागले, मंदिराचे दार उघडले नाही. पण पुढच्याच मार्चमध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह उभा राहिला.

शेवटचा मुक्काम येरवडा. सप्टेंबर १९३२. गांधीजी तुरुंगात उपोषणाला बसले आणि साऱ्या देशाचा दाब एका माणसावर आला. जातीय निवाड्याने अस्पृश्यांना प्रांतिक विधिमंडळांत ७१ जागा दिल्या होत्या. करारात त्या १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. जागा वाढल्या, पण आपला प्रतिनिधी आपणच निवडण्याचा हक्क हातून निसटला. करारावर सह्या झाल्या तो दिवस २४ सप्टेंबर. बरोबर एकोणसाठ वर्षांपूर्वी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, याच शहरात सत्यशोधक समाज स्थापन झाला होता. हा योगायोगच. पण पुण्याचा इतिहास शिकवताना या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या, तर शूद्र-अतिशूद्रांच्या साठ वर्षांच्या लढ्याचा हिशोब एका ओळीत कळतो.

आणि भिडेवाडा? बुधवार पेठेत १८४८ साली जिथे मुलींची शाळा भरली, तो वाडा वर्षानुवर्षे मोडकळीला आला होता. दीर्घ न्यायालयीन लढाईनंतर डिसेंबर २०२३ मध्ये तो स्मारकासाठी पाडण्यात आला. स्मारक झालेच पाहिजे. पण पेशव्यांच्या वाड्यांची डागडुजी होते आणि मुलींच्या या शाळेच्या खोलीला मात्र पडेपर्यंत वाट बघावी लागते, याचा जाब आम्ही विचारणारच.

मित्रांनो, सरकार फलक लावेल तेव्हा लावेल. तोवर आपण आपल्या मुलांना हाताला धरून फिरवू. गुलटेकडीला मुक्ता, गंज पेठेत लहुजी आणि फातिमा, पर्वतीवर शिवराम जानबा. पुतळ्यांना हार घालणे सोपे आहे. पत्ते पाठ करणे अवघड आहे, पण ज्यांना आपले पत्ते ठाऊक असतात, त्यांना शहरातून कोणी पुसू शकत नाही.

जय जोती! जय सावित्री! जय भीम!