गादीचे चित्र आणि पाठीचे दुखणे

'मणक्यातली गादी सरकली आहे' हे वाक्य आपण अनेकदा ऐकतो. एमआरआयमध्ये ती गादी दिसतेही. पण दिसणारी गादी हीच दुखणारी गादी, हे कशावरून ठरवायचे? या प्रश्नाचा इतिहास आपण थोडक्यात पाहू.

१९३४ साली बोस्टनचे शल्यचिकित्सक विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी दाखवले की, फाटलेल्या गादीचा भाग नसेवर दाबला गेल्याने सायटिका होऊ शकतो. मात्र साध्या क्ष-किरण चित्रात हाडे दिसतात, गादी दिसत नाही. म्हणून १९४८ साली स्वीडनमधील लिंडब्लोम यांनी गादीतच सुई घालून क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य सोडले. ही डिस्कोग्राफी. पुढे तिचा खरा उपयोग वेगळाच ठरला: द्रव्य सोडताना रुग्णाला 'नेहमीचीच' कळ आली का, हे विचारणे. पण ही तपासणी वेदनादायक होती, जंतुसंसर्गाचा धोका होता. शिवाय टोचलेल्या गाद्यांची झीज दहा वर्षांत अधिक होते, असे २००९ साली कॅरेगी यांच्या अभ्यासात आढळले.

१९८०च्या दशकात एमआरआय आला. सुई न टोचता गादी स्पष्ट दिसू लागली, तेव्हा प्रश्न सुटला असेच वाटले. परंतु १९९० साली बोडेन यांनी पाठदुखी नसलेल्या ६७ जणांचे एमआरआय तपासले, तर सुमारे एक तृतीयांश लोकांत ठळक दोष निघाले. १९९४ साली जेन्सेन यांच्या अभ्यासात अशाच ९८ जणांपैकी ५२ टक्क्यांमध्ये किमान एक गादी फुगलेली होती. म्हणजे एमआरआय झीज दाखवतो. वेदना दाखवतोच असे नाही. केवळ चित्र पाहून शस्त्रक्रिया केली, तर न दुखणाऱ्या गादीवरही ती होऊ शकते.

त्यामुळे संशोधक आकाराकडून रसायनांकडे वळले. गादीच्या मध्यभागी रक्तपुरवठा नसतो. तेथे प्राणवायू कमी असतो आणि लॅक्टिक आम्ल साठते. एमआर स्पेक्ट्रोस्कोपी अशा रसायनांचे प्रमाण बाहेरूनच मोजते. २०१९ साली गॉर्नेट आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीचे निष्कर्ष डिस्कोग्राफीशी ताडून पाहिले.

येथे थांबून विचार करा. सुई टाळणारी नवी पद्धत पारखली गेली ती सुईच्याच कसोटीवर, म्हणजे अखेर रुग्णाच्या 'हो, हीच ती कळ' या शब्दांवर. मग वेदनेचा अंतिम पुरावा कोणता: चित्र, रसायन, की रुग्णाचे सांगणे?