पत्तेसंच-रचनेचे खेळ व जादा पान

पत्तेसंच-रचनेचे खेळ : ज्यांत प्रत्येक खेळाडू स्वतःचा निराळा पत्त्यांचा संच रचतो, अशा आधुनिक पत्त्यांच्या खेळांचा एक वर्ग. काही खेळांत ही रचना डाव सुरू होण्यापूर्वी होते, तर काहींत ती डावाच्या ओघातच होत जाते. दोहोंतही नियमाने मिळणाऱ्या पानांहून अधिक पाने उचलू देणारे पत्ते असतात. अशा जादा पानाचे मोल किती, हा या खेळांच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

जुन्या खेळांत हा प्रश्न फारसा उद्‌भवत नव्हता. गंजिफामध्ये सर्व पाने आरंभीच वाटली जातात. गड्डी शिल्लक राहत नाही. रमीमध्ये गड्डी असते, परंतु एक पान उचलल्यावर एक टाकावेच लागते; त्यामुळे हातातील पानांची संख्या स्थिर राहते. शिवाय या खेळांत सर्वांचा जोड एकच असल्याने एखाद्याची गड्डी दुसऱ्याच्या गड्डीहून सरस असण्याचा संभव नव्हता.

रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खेळाडूस 20 जीवनगुण व सुरुवातीस 7 पाने मिळतात आणि पुढे प्रत्येक पाळीस एक पान उचलता येते. पहिल्या मालिकेत सारख्याच अल्प किंमतीचे पाच पत्ते होते व त्या प्रत्येकाचा परिणाम तीन या संख्येवर बेतलेला होता. ‘लायटनिंग बोल्ट’ने तीन गुणांची हानी होई, ‘हीलिंग साल्व्ह’ने तीन जीवनगुण मिळत, ‘जायंट ग्रोथ’ने प्राण्याचे बळ तीनने वाढे, ‘डार्क रिच्युअल’ने शक्तीची तीन एकके मिळत, तर ‘अँसेस्ट्रल रिकॉल’ने तीन पाने उचलता येत. वरकरणी ही पाचही दाने समतोल वाटतात. प्रत्यक्षात मात्र अखेरचे दान इतरांहून कितीतरी वरचढ होते. तीन गुणांची हानी म्हणजे वीसांतील अल्प अंश. उलट तीन पाने म्हणजे तीन पाळ्यांची मिळकत. पाचांपैकी हाच पत्ता दुर्मिळ वर्गात ठेवण्यात आला होता. परंतु बंद पाकिटांतून विकल्या जाणाऱ्या खेळात दुर्मिळतेमुळे पत्त्याचे बळ कमी होत नाही. ते ज्याला अधिक खर्च परवडतो त्याच्या हाती एकवटते. अखेर 1994 मध्ये स्पर्धांतील संचात त्याची एकच प्रत ठेवण्याचे बंधन आले.

या अनुभवातून ‘पानांची आघाडी’ ही संकल्पना रूढ झाली. आपले एक पान खर्चून प्रतिपक्षाची दोन पाने निकामी करणे किंवा एकाच्या मोबदल्यात अनेक पाने मिळविणे, हे तिचे सूत्र. ब्रायन वाइसमन याने 1990 नंतरच्या दशकाच्या मध्यास रचलेला ‘द डेक’ हा संच तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. ‘नेक्रोपोटेन्स’ (1995) या पत्त्याने एका जीवनगुणाच्या मोबदल्यात एक पान देऊ केले. नवख्याला हा व्यवहार तोट्याचा वाटे. परंतु 1996 च्या उन्हाळ्यात या पत्त्यावर आधारलेल्या संचांनी स्पर्धांवर वर्चस्व गाजविले. जीवनगुणांपैकी अखेरचाच काय तो खरा निर्णायक, हे त्यावरून स्पष्ट झाले.

डॉनल्ड व्हॅकॅरिनो याच्या ‘डोमिनियन’ने (2008) खेळाची मांडणीच बदलली. त्यात सर्वांचा आरंभीचा संच सारखाच, म्हणजे 7 ‘कॉपर’ व 3 ‘इस्टेट’ असा 10 पत्त्यांचा असतो आणि पुढील पत्ते सर्वांना खुल्या असलेल्या समान ढिगांतून विकत घेतले जातात. साहजिकच पैशाच्या बळाचा प्रश्न उरला नाही व जादा पानाचे मोल निखळ हिशेबाने पाहता येऊ लागले. ‘स्मिदी’ (लोहारशाळा) हा 4 नाण्यांचा पत्ता तीन पाने देतो. 3 नाण्यांचा ‘सिल्व्हर’ 2 नाणी देतो. आरंभीच्या संचात दर पानामागे सरासरी 0.7 नाणे पडते. म्हणजे ‘स्मिदी’ची तीन पाने स्थूलमानाने 2.1 नाण्यांची होतात आणि महाग असूनही तो ‘सिल्व्हर’च्या जेमतेम बरोबरीस येतो. सरासरी 1.5 झाली, की त्याच तीन पानांचे मोल 4.5 होते. ‘सिल्व्हर’ मात्र दोनच नाणी देत राहतो. म्हणून हलकी पाने संचातून कायमची काढून टाकणारा 2 नाण्यांचा ‘चॅपल’ स्वतः एकही पान देत नसला, तरी पुढे उचलल्या जाणाऱ्या प्रत्येक पानाचे मोल वाढवितो.

यास दुसरीही मर्यादा आहे. पाळीत एकच कृती करता येत असल्याने हाती आलेली दुसरी ‘स्मिदी’ वाया जाते. ‘व्हिलेज’ (खेडे) हा पत्ता आणखी दोन कृतींची मुभा देऊन ही अडचण दूर करतो. ‘लॅबोरेटरी’ दोनच पाने देते, परंतु एक कृतीही परत करते. ‘काउन्सिल रूम’ चार पाने देते, मात्र तिच्यामुळे प्रत्येक प्रतिस्पर्ध्यालाही एक पान मिळते.

‘डोमिनियन’ला 2009 मध्ये ‘श्पील देस यारेस’ हा जर्मन पुरस्कार लाभला. त्यानंतर ‘थंडरस्टोन’ (2009), ‘असेन्शन’ (2010) इ. खेळ निघाले. ‘स्ले द स्पायर’ (2019) या संगणकीय खेळात एकट्या खेळाडूस आरंभी दर पाळीस 5 पाने व शक्तीची 3 एकके मिळतात. शक्ती संपल्यावर उचललेले पान बहुधा हातातच पडून राहते. जादा पानास स्वतःचे असे ठराविक मोल नसते. ते उरलेल्या संचाच्या गुणवत्तेवर व पान वापरण्याच्या ऐपतीवर ठरते, हेच या सर्व खेळांवरून दिसून येते.