दरडीचा धोका कसा ओळखाल?

रायगड जिल्ह्यात २२ जुलै २०२१ रोजी तळिये आणि १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीतही नव्हती. त्यामुळे रोहा तालुक्यातील खांब परिसरातील डोंगरपायथ्याच्या वस्त्यांनीही केवळ यादीवर विसंबू नये.

कठीण बेसॉल्टवरील माती व झिजलेल्या खडकाचा थर सलग अतिवृष्टीत पाणी पिऊन जड होतो, त्याची पकड सुटते आणि तो उतारावरून घसरतो. तत्पूर्वी अनेकदा जमिनीला, भिंतींना नव्या भेगा पडतात. झाडे, विजेचे खांब कलतात. दारे-खिडक्या अडकू लागतात. झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते. अशी खूण दिसताच, पाऊस ओसरण्याची वाट न पाहता, उजेड असतानाच घर सोडावे. इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा बरेच ग्रामस्थ झोपेत होते.