बोरघाटाचा बोगदा : घाम कोणाचा, नाव कोणाचे?

रेल्वेचा इतिहास आपल्याला शिकवला गेला तो साहेबांचा पराक्रम म्हणून. 1853 ची मुंबई-ठाणे गाडी, तोफांची सलामी, बर्कले साहेबांची बुद्धी. डोंगर कोणी फोडला, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही.

आमच्या मुखेडला आजही रेल्वे नाही. पोटासाठी मुंबई-पुण्याला गेलेल्या आमच्या माणसांनी बोरघाट पाहिला तो गाडीच्या खिडकीतून. मी मात्र खंडाळ्याजवळच्या जुन्या, टाकून दिलेल्या मार्गाने पायी गेलो. येथे इंजिन काढून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडीत. 1929 साली नवा मार्ग झाला आणि ते रिव्हर्सिंग स्टेशन संपले. बोगद्यातल्या काळ्या पाषाणावरून हात फिरवला, तेव्हा पाठ्यपुस्तकाने काय गाळले ते कळले.

1856 साली हे काम सुरू झाले. 25 बोगदे, सारे काम हाताच्या पहारीने आणि सुरुंगाच्या दारूने. कड्यावरून दोराला लोंबकळत मजूर भोके पाडीत. जानेवारी 1861 मध्ये येथे 42,000 माणसे राबत होती. पटकीने झोपड्याच्या झोपड्या ओस पडल्या. 1859 मध्ये थकलेल्या मजुरीसाठी मजूर उठले. सरकारने 1860 साली कायदा केला. त्यात तंटे लवकर मिटवण्याची सोय होती, तशी करार मोडणाऱ्या मजुराला शिक्षाही होती. 21 एप्रिल 1863 रोजी घाट खुला झाला. उतार किती, लांबी किती, हे इंचाइंचाने नोंदले गेले. मेलेल्यांची नावे त्या नोंदीत नाहीत.

हा केवळ वर्गाचा प्रश्न आहे काय? याच जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी बजावले. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून जन्म काढी. त्याला साधा पोर्टरही करीत नसत. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी पडेल ते काम करावे लागे, आणि तेथे त्याचा विटाळ होई. रुळाला हात चालत होता, घागरीला चालत नव्हता.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वस्तीत गँगमन, खलाशी, खाणकामगार राहिलेली म्हातारी माणसे असतील. त्यांच्याजवळ बसा, नावे विचारा, लिहून ठेवा. साहेबांच्या दप्तरात जी ओळ नाही, ती आपल्यालाच लिहायची आहे.